झेलणारी

कोन बोटांतून निसटला आणि पूनमच्या तळहातावर, मोराची मान जिथं वळायला हवी होती नेमक्या तिथं, मेंदीचा ओला गोळा पडला. पूनमनं हात मागे घेतला. फार नाही, जरासाच, पण घेतला. धम्मशीलानं कापसाच्या बोळ्यानं गोळा टिपायला घेतला तर तो आणखीनच पसरला. पूनमची आई शालूबाई शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होती. तिनं आधी लेकीच्या हाताकडे पाहिलं, मग धम्मशीलाच्या बोटांकडे, आणि तिच्या तोंडावर कीव पसरली. ही कीव दिसली की धम्मशीलाला हल्ली समोरच्याच्या तोंडावरच कोन पिळावासा वाटायचा.

"राहू दे वो धम्मशीला," शालूबाई म्हणाली. "जबरदस्ती नोको करू हाताले. साखरपुडाच तं हाये. लग्नाच्या मेंदीले बुलढाण्याहून बलावून घेऊ कोनी."

"सवय मोडली होती, काकू. बसन हात."

"बसन ना. बसनच." शालूबाई उठली, दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या, आणि जाता जाता वळली. "पन व्हिडिओ तुमचाच बरं का. देवानंदभाऊले सांगजो, तो अक्षताचा शॉट पाह्यजे. उंद्रीच्या वामनरावाच्या पोरीच्या लग्नात होता ना, सेम तसाच. पूनम तं रोज पाहते मोबाईलवर."

तसाच. दोघी गेल्या, तरी तो शब्द पुढच्या खोलीत घोंघावत राहिला. ही पुढची खोली म्हणजे अर्धा देवानंदचा फोटो स्टुडिओ आणि अर्धं तिचं मेंदीचं दुकान. मधे एक पडदा, पडद्याच्या पलीकडे त्याचा काँप्युटर आणि कपाटात नीट फडक्यात गुंडाळून ठेवलेला ड्रोन. चिखलीतल्या कुठल्याही घरात लग्न निघालं की नवरा-बायकोला एकत्रच बोलावणं यायचं, मेंदी हिची आणि शूटिंग त्याचं. आता त्याला येईल आणि तिला येणार नाही, एवढंच. धम्मशीलानं उजवा हात समोर धरला आणि मूठ वळायला सांगितलं. अंगठा वळला, करंगळी वळली, तिच्या शेजारचं बोट वळलं. अंगठ्याजवळचं बोट अर्ध्यावर येऊन अडकलं आणि मधलं नुसतं थरथरलं. मधल्याच्या टोकाला तर काही कळतच नाही. परवा गरम तव्याला टेकलं होतं, ते वास आल्यावर समजलं. कोन धरायला नेमकी हीच दोन बोटं लागतात. एक दाबतं, एक वाट दाखवतं. माणसाची दहा बोटं असतात आणि त्या यंत्राला बरोबर हीच दोन सापडावीत, याचा तिला इतका संताप यायचा की कधी कधी ती एकटीच खोलीत दात-ओठ खात बसायची.

तो शॉट तिनंही पाहिला होता. कितीदा पाहिला याला गणती नाही. वरून दिसणारा मांडव, मांडवाच्या मोकळ्या चौकात आंतरपाट, आणि शेवटच्या 'सावधान'ला शेकडो हात वर होतात, पण नवरा-नवरीवर नाही. सगळ्यांच्या अक्षता वर, डोक्यावर भिरभिरणाऱ्या ड्रोनच्या दिशेनं येतात. हळदीत रंगवलेली ज्वारी संथ गतीनं वर वर येत जाते, पडदाभर पिवळी होते, आणि मग तिथंच नवरीचा हसरा चेहरा येतो. उंद्रीची पोरं खोडकर. एकानं ड्रोनला अक्षतांची मूठ मारली, त्याचं पाहून दुसऱ्यानं, आणि शेवटी वामनरावांसारखा पागोटं बांधलेला पोक्त माणूससुद्धा पोरासारखा उड्या मारत अक्षता भिरकावू लागला. देवानंदला ठरवून सुचलं नसतं असं चित्र त्याला फुकटात मिळालं. तेव्हापासून जो येतो तो हेच मागतो. लोकांना वाटतं, काय डोकं चाललं पठ्ठ्याचं! पिवळी ज्वारी आणि नवरीचं हसू यांच्या मधे काय होतं ते लोकांना ठाऊक नाही. मधे तिचा हात होता. देवानंदनं तो काँप्युटरवर कापला. कुठं कापायचं ते त्याला बरोबर कळतं.

ड्रोन खाली उतरताना जमिनीवर टेकू द्यायचा नाही, हा देवानंदचा नियम होता. आपल्याकडची माती काळी, उन्हाळ्यात पिठासारखी होते, पात्यांच्या वाऱ्यानं उडते आणि मोटरीत जाऊन बसते. एकदा का मोटर गेली की खेळ खलास, असं तो सगळ्यांना सांगायचा. म्हणून कुणीतरी खाली उभं राहून तो हातात झेलायचा. सुरुवातीला स्टुडिओत त्याच्याबरोबर कामाला असलेला जीवन झेलायचा. जीवन पुण्याला गेला आणि तो हात रिकामा झाला. मग देवानंदनं तिला विचारलं. म्हणजे विचारलं असंही नाही. एका लग्नात ती नवरीला मेंदी काढून मोकळीच बसली होती, तर त्यानं लांबून हाक मारली, "धम्मा, ये इकडं, हात वर कर." तिनं केला. ड्रोन वरून घरघरत आला, तिच्या तळहाताच्या वर क्षणभर थांबला, तिनं त्याचं पोट खालून धरलं आणि पाती थांबली. बायका टाळ्या वाजवायला लागल्या. तिलाही गंमत वाटली होती, हे खोटं कशाला बोला? नऊवारी नेसलेल्या, नथ घातलेल्या साऱ्या बायांमधे आपण एकटी अशी, की आकाशातून काही खाली येतं ते आपल्या हातात येतं. नंतर नंतर तर लोक तेवढं बघायला थांबायचे. देवानंद पाहुण्यांना सांगायचा, आमची मिसेस झेलते. आमची मिसेस. त्या दोन शब्दांवर ती दोन वर्षं हात वर करून उभी राहिली.

पाती थांबवायच्या रिमोटवरच्या काडीला दोघं बटनच म्हणायची, आणि दर वेळी ती एकच गोष्ट विचारायची. "दाबलं का हो बटन?" आणि तो रिमोटवरून नजर न काढता म्हणायचा, "हाव." त्या 'हाव'वर तिचा विश्वास होता. विश्वास असा काही वेगळा ठेवावा लागत नाही, तो आपोआप ठेवला जातो, आणि मोडल्यावर कळतं की आपण केवढा ठेवला होता.

उंद्रीला मांडव तूर काढलेल्या शेतात घातला होता. ऊन मी म्हणत होतं. अक्षतांचा तो पिवळा पाऊस वर गेला तसा खालीही आला, तिच्या डोळ्यांत, केसांत, पदरात. ड्रोनची बॅटरी संपत आली होती, तो चिरक्या आवाजात किंचाळत खाली सरकत होता, आणि पोरं अजून मुठी मारतच होती. एक मूठ थेट तिच्या तोंडावर बसली. तिनं डोळे मिटले, चेहरा फिरवला, आणि हात नुसताच वर राहिला. पोट हाताला लागलं म्हणून तिनं धरलं. पण एका बाजूनं धरलं, तिरकं. आणि त्या यंत्रात एकदम काहीतरी शिरलं. इतके दिवस हातात आल्यावर मुकाट होणारं ते, आता तिच्या मुठीतून सुटायला जोरानं ओढ घेऊ लागलं, पात्यांचा आवाज चढत चढत शिटीसारखा झाला. ती सोडणार होती. तिची बोटं उघडत होती, हे तिला आजही पक्कं आठवतं. तेवढ्यात मांडवाच्या टोकाकडून देवानंद ओरडला, "धरून ठेव! धम्मा, धरून ठेव!" आणि तिनं धरून ठेवलं.

दुखलं नाही. आधी नुसता एक गार फटका, आणि मग तिच्या बांगड्यांवरून, कोपरावरून ऊन ऊन काहीतरी वाहायला लागलं. ड्रोन खाली पडला. देवानंद धावत आला. धावताना त्याचा चेहरा तिला दिसत होता, घाबरलेला, पांढराफटक, आणि त्याही अवस्थेत तिला बरं वाटलं की हा येतोय. तो आला आणि तिच्या पायाशी गुडघ्यावर बसला. तिला वाटलं, पाय धरतोय की काय वेडा. त्यानं ड्रोन उचलला. उलटा केला, पात्यांवरून अंगठा फिरवला, मोटरीत फुंकर मारली, पुन्हा फुंकर मारली. मग वर पाहिलं. फार तर दोन-तीन श्वासांचा वेळ. पण तेवढ्या वेळात ती त्याच्यापासून जी लांब गेली ती अजून परत आलेली नाही. कुणाच्या तरी उपरण्यात तिचा हात गुंडाळला गेला. "तिले मांडवाबाहेर घ्या आधी," असं वामनराव म्हणत होते, "शुभकार्यात रगत सांडलं हो!" आणि एक बाई तांब्याभर पाणी आणून तिच्या पायापाशी ओतत होती. तिच्यासाठी नव्हे, डागासाठी. जीपमधे बसवताना तिला मागून बँड सुरू झालेला ऐकू आला.

पुढचं सगळं देवानंदनं केलं. सारं गाव त्याचं तोंड भरून कौतुक करतं, आणि त्यात खोटं काही नाही. संभाजीनगरला डॉक्टरांनी तुटलेल्या शिरा जोडल्या, त्या साऱ्या काळात तो दवाखान्याच्या फरशीवर झोपला. घरी आल्यावर वरण-भात त्यानं शिजवला, भांडी त्यानं घासली, तिची वेणीसुद्धा तोच घालायचा, वाकडीतिकडी, एक पेड जाड आणि दोन बारीक. शेजारपाजारच्या बाया म्हणायच्या, नवरा असावा तर असा. ती खाली मान घालून वेणी घालून घ्यायची आणि मानेवर लागणारी त्याची दहाच्या दहा धड बोटं मोजायची. तिला त्याचा तिटकारा यायचा. स्वच्छ, उघडा तिटकारा, आणि तो त्याच्या प्रेमळपणानं कमी होत नव्हता, उलट फुगत होता. त्यानं एकदा तरी म्हणावं, मी आधी ड्रोन उचलला. एवढंच. पण त्याला ते आठवतच नव्हतं. त्याच्या आठवणीत तो धावत आला आणि त्यानं तिला उचललं. त्यानं तिथंही कापलं होतं.

एकदा वेणी घालता घालता तो सहज म्हणाला, "तुह्यीबी एक चूक झाली म्हना. तू वाकडा धरला."

"वाकडा धरला तं काय झालं?"

"वाकडा झाला की त्याले वाटते वारा आला. मंग तो सरळ व्हायले जोर लावते. जितका धरान तितका जोर लावते."

तिच्या डोक्यावरचे त्याचे हात चालूच होते. तिनं विचारलं, "हे तुमाले पयलेपासून माहीत होतं?"

"हाव. ड्रोनवाल्या सगळ्याईलेच माहीत असते."

"मले काऊन नाई सांगतलं?"

त्याचे हात थांबले. खरंच आठवून पाहत तो अगदी भाबडेपणानं म्हणाला, "तू इचारलंच नाई कधी." आणि रबर लावून त्यानं वेणी तिच्या पाठीवर सोडून दिली.

शालूबाई येऊन गेली त्याच दिवशी दुपारी देवानंद तिला मोटारसायकलवर बसवून उंद्री रस्त्याला घेऊन गेला. वाटेत ओरडून ओरडून सांगत होता. त्याच्या डोक्यात आलं होतं की आता तिनं उडवायचं. रिमोटला काय, दोन अंगठे पुरतात, आणि अंगठे तर तिचे शाबूत आहेत. "तू उडवजो, मी झेलतो. घरच्या घरी काम होते. लोकायलेबी पाह्यले भारी वाटन, बाई उडवते म्हून." वारा तिच्या तोंडावर येत होता. अंगठे शाबूत आहेत. म्हणजे त्यानं मोजले होते, काय उरलं आहे आणि ते कशाला लागेल. रस्त्याच्या कडेला एका ओळखीच्याच्या रिकाम्या शेतात त्यानं गाडी लावली. कपाशीची पऱ्हाटी उपटलेली, जमीन भेगाळलेली, वर बारीक काळी धूळ. लांब एक लिंबाचं झाड सोडलं तर चिटपाखरू नव्हतं.

त्यानं ड्रोन फडक्यातून काढला आणि रिमोट तिच्या हातात दिला. कुठली काडी पुढं, कुठली मागं, कुठली खाली ओढून धरली की पाती थांबतात, सगळं सांगितलं. वाकडा धरला तर काय होतं तेही आता सांगितलं, स्वतःशीच बोलल्यासारखं. ती शिकली. तिच्या अंगठ्यांना मेंदीचा हात होता, कुठं किती दाबायचं ते त्यांना उपजत कळत होतं. ड्रोन वर गेला, लिंबाला वळसा घालून आला. क्षणभर तिला खरंच आनंद झाला. त्या आनंदाचाही तिला राग आला.

"आता आन माह्यावर," देवानंद म्हणाला, आणि डिकीतून काहीतरी काढू लागला. तिनं पाहिलं. वेल्डिंगवाले घालतात तसा जाडजूड कातडी हातमोजा, कोपरापर्यंत येणारा, नवाकोरा. तो त्यानं उजव्या हातात चढवला, बोटं एकेक नीट बसवली, आणि डोळ्यांवर पांढरा चष्मा लावला.

"हे कधी आनलं?"

"हे? कालच आनलं. झेलाचं म्हनल्यावर काळजी नोको का घ्याले?"

"माह्या वक्ताले काऊन नाई आनलं?"

"तवा कोनाले माहीत होतं बे असं होते म्हून!" तो हसला. चिडून नव्हे, मोकळेपणानं हसला, आणि मोजा घातलेला हात वर करून उन्हात उभा राहिला.

तिनं ड्रोन त्याच्या डोक्यावर आणला. रिमोटच्या पडद्यावर तो वरून दिसत होता, एक गोल डोकं, त्याच्या बाजूला मोज्याचा पिवळट ठिपका, आणि भोवती सगळी काळी जमीन. माणूस केवढासा दिसतो वरून. तो हात खरा आहे, त्याला शिरा आहेत, तो एका बाईच्या केसांतून रोज फिरतो, यातलं काही काही पडद्यावर दिसत नव्हतं. तिनं ड्रोन आणखी खाली घेतला. पात्यांच्या वाऱ्यानं त्याचा शर्ट फडफडला. त्यानं मान किंचित मागे घेतली आणि मोज्यातला हातही, अगदी पूनमसारखा, जरासाच. मग तिच्याकडे न बघता, वर बघत, त्यानं विचारलं, "बटन दाबशीन ना?"

"हाव," ती म्हणाली.

त्या एका शब्दात किती मावतं हे तिला पहिल्यांदाच समजलं. अंगठा जरा तिरका केला की झालं. मोजा जाड होता, पण मोजा कोपरापर्यंतच होता. वर उघडा दंड, उघडी मान, चष्म्याखालचे गाल. ती किती वेळ तशी राहिली कोण जाणे. "आन ना बे," देवानंद म्हणाला, आणि त्याच्या आवाजात आता जी भीती होती ती तिच्या चांगल्या ओळखीची होती. ती तिची स्वतःची होती, इतक्या लग्नांत तिनं ती गिळली होती, आणि आज ती त्याच्या घशातून बाहेर पडलेली पाहून तिला बरं वाटलं. पोटात थंडावा पडल्यासारखं बरं वाटलं. मग तिनं ड्रोन बाजूला घेतला, त्याच्यापासून चार हात लांब, आणि काडी खाली ओढून धरली.

"मातीत नोको! धम्मा! मातीत नोको!"

ड्रोन मातीत उतरला. काळ्या धुळीचा भपकारा उठला, देवानंद त्यात दिसेनासा झाला, आणि पाती थांबली. धूळ खाली बसायच्या आत तो गुडघ्यांवर होता. मोजा दातांनी ओढून काढलेला, ड्रोन उलटा केलेला, आणि तो मोटरीत फुंकर मारत होता. ती बघत राहिली. हेच, अगदी असंच. आज रक्ताची बारीकशी रेघही नव्हती, तरी तो असाच बसला होता, म्हणजे त्या दिवशीही तो घाबरून चुकला नव्हता. तो असाच बसणारा होता. त्यानं शर्टाच्या टोकानं ड्रोन पुसला, सपाट ढेकळावर ठेवला, तिच्या हातातून रिमोट जवळजवळ हिसकावून घेतला आणि सुरू केला. पाती फिरली. ड्रोन सरळ वर गेला, डावीकडे, उजवीकडे, लिंबाला वळसा. मग त्यानं स्वतःच तो पुन्हा मातीत उतरवला, पुन्हा उडवला, कान लावून आवाज ऐकला, आणि त्याचा सगळा चेहरा उजळून निघाला.

"काहीच नाई झालं!" तो ओरडला. "धम्मा, पाह्य! मोटर एकदम टकाटक हाये! मातीत उतरला तं काहीच नाई होत याले!"

तो हसत होता, धुळीनं काळा झालेला, दात तेवढे पांढरे. इतक्या दिवसांची एक काळजी त्याच्या डोक्यावरून उतरली होती. ती त्याच्या हसण्याकडे बघत उभी राहिली, त्याच्या तोंडावर काही उमटेल म्हणून वाट बघत. आत्ता उमटेल, मग उमटेल. तो फक्त हसत होता. धम्मशीलाला इतके दिवस निदान एवढं तरी होतं, की तिची बोटं कशासाठी तरी गेली. हलक्या, नीच कारणासाठी गेली असतील, पण कारण होतं. आता तेही नव्हतं.

"चाल, आता सगळं सोपं झालं," तो म्हणाला. "पूनमच्या लग्नात तू उडवजो. मांडवात मात्र झेलाच लागन, नाईतं पाव्हन्याईवर धूळ उडन."

तिनं त्याच्या हातातून रिमोट घेतला आणि दोन्ही अंगठे काड्यांवर ठेवले. उरलेली बोटं मागून रिमोटला धरायला वळली, सहा वळली, दोन तशीच ताठ राहिली.

"मातीतच उतरवीन," ती म्हणाली. "उडू द्या."